चार इंच लूज

माझ्या गळ्यात दिवसभर टेप असतो. सकाळी शटर वर गेलं की तो गळ्यात येतो आणि दिवे लागल्यावर खुंटीला जातो. दहा-बारा वर्षं लोकांची मापं घेऊन सवय अशी लागलीय, की रस्त्यानं कुणी नुसतं चाललं तरी माझा डोळा आधी त्याच्या खांद्याला जातो, मग कमरेला, आणि मनात आकडा येतो. नंतर टेप लावला तर अर्ध्या इंचाच्या वर चूक निघत नाही. अशा बाईनं स्वतःचं माप चुकवलं. तेही लोक तिला तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी वस्तू घेऊन देत होते तेव्हा. वस्तू म्हणजे खुर्ची, बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची.

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर मी तशी का वागले ते कळणार नाही.

मी परभणीकडची. पोलिओमुळं दोन्ही पाय लहानपणीच गेले. शाळा सहावीपर्यंत झाली. सातवीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. पहिले आठ दिवस वडील मला उचलून वर नेऊन बसवायचे आणि शाळा सुटल्यावर खाली आणायचे. मधल्या सुट्टीत लघवीला खाली येता येत नव्हतं म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. नवव्या दिवशी मी घरी सांगितलं, मला शाळा आवडत नाही. सगळ्यांनी ते खरं मानलं. मानायला सोपं होतं, आणि वडिलांची पाठही दुखत होती. पुढं शिवण शिकले. मावसबहिणीचा नवरा इकडं हिंजवडीत नोकरीला लागला, तिच्या बाळंतपणाला म्हणून मी हिंजवडीशेजारच्या माण गावात आले. पुढं त्यांची बदली झाली, ते गेले, मी राहिले.

माझी खोली आणि दुकानाचा गाळा दोन्ही एकाच काकूंचे. त्यांची जमीन आयटी पार्कात गेली, राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या. मागं अंगणाशी सहा खोल्या, त्यातली एक माझी. पुढं मोठ्या रस्त्यावर गाळे, त्यातला सगळ्यात लहान माझा. मध्ये एक चढ आहे. चालणाऱ्याला खोलीपासून गाळ्यापर्यंत पाच मिनिटं लागतात. मला हातानं चाकं ढकलत वीस लागायची, आणि पोचल्यावर दहा मिनिटं उजवा हात मांडीवर ठेवून बसावं लागायचं, मग सुईत दोरा जायचा.

मशीनला मोटर आहे. तिचं पेडल पायानं दाबायचं असतं, पण मी ते टेबलावर डाव्या बाजूला ठेवलंय आणि डाव्या कोपरानं दाबते. किती दाबलं की किती वेगानं टीप पडते हे त्या कोपराला माझ्यापेक्षा जास्त कळतं. उजव्या हातानं कापड सरकवायचं. त्याच उजव्या खांद्यात गेल्या वर्षी कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सरळ सांगितलं, "हा खांदा चाकं ढकलायला ठेवायचा की शिवायला, ते ठरवा. दोन्ही नाही जमणार."

त्या दिवसापासून मी एकच हिशोब करत होते. शिवणं गेलं तर गाळा गेला, गाळा गेला तर खोली. मग भावाकडं जायचं. भाऊ वाईट नाही, वहिनीही वाईट नाही. दोन वेळा जेवायला देतील, सणाला साडी देतील. पण तिथं माझ्यासाठी ओसरीवर एक खाट आहे, आणि त्या खाटेवर बसलं की संध्याकाळपर्यंत काय काय होणार ते सकाळीच दिसतं.

माझ्या एक गिऱ्हाईक मॅडम आहेत. अकोल्याच्या, इथं कंपनीत. पँटींची लांबी कमी करायला येतात. एकदा आल्या तेव्हा मी खांद्यावर गरम पाण्याची पिशवी बांधून बटणांची काजं करत होते. त्यांनी विचारलं, मी सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाल्या, "ताई, आमच्या टीममधल्या सगळ्यांनी ठरवलंय. तुम्हाला इलेक्ट्रिक खुर्ची घ्यायची. नाही म्हणायचं नाही."

मी नाही म्हणाले नाही. त्या गेल्यावर शटर अर्धं ओढून घेतलं आणि रडले. मग लगेच काळजी लागली, की आपण आभार मानले का? मानले नव्हते. संध्याकाळी फोन केला, आभार मानले. सकाळी वाटलं फोनवर कोरडं झालं असेल, म्हणून परत केला. तिसऱ्या फोनला मॅडम म्हणाल्या, "ताई, पोचलं हो. आता मला मीटिंगला जाऊ द्या."

दोन दिवसांनी त्यांनी मोबाइलवर एक फॉर्म पाठवला. वजन, उंची, घराचं दार किती, आणि सीटची रुंदी किती पाहिजे. मी खुर्चीवरच बुडाच्या दोन्ही बाजूंनी टेप धरला. पंधरा इंच आले. आणि मी एकोणीस लिहिले.

का लिहिले? त्यात चोरी नव्हती. आमच्या धंद्यात अंगाचं जे माप येतं त्यात चार इंच लूज धरायचं असतं, नाहीतर कुर्ता अंगाला चिकटतो, बसता-उठता येत नाही. हात आपोआप चार मिळवतो. आणि दुसरं म्हणजे आमच्या घरात कुठलीच वस्तू अंगाबरोबर घेतलेली मला आठवत नाही. फ्रॉक वाढत्या अंगाचा, स्वेटर वाढत्या अंगाचा. भावाच्या चपलेत तर पुढं कापूस घालायचे. आई म्हणायची, वस्तू मोठीच घ्यावी, उद्याला कामी येते. उद्या मी जाड झाले तर? लोक एवढी वस्तू परत परत थोडीच देतील?

गुरुवारी मॅडमनी सुट्टी काढली आणि त्यांच्या गाडीतून आम्ही चांदे, नांदे ही गावं मागं टाकत भूगावला गेलो. तिथं नवीन इमारतीच्या तळमजल्यावर ह्या खुर्च्यांचं दुकान आहे. दुकानातले दादा साठीचे असतील, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मला बघितल्याबरोबर त्यांनी खिशातून टेप काढला.

"ताई, एकदा माप घेऊन टाकतो."

"कशाला दादा? मी रोज मापंच घेते. फॉर्मवर दिलंय ते बरोबर आहे."

"त्या एक्स्पर्ट आहेत," मॅडम म्हणाल्या.

"कपड्याचं माप वेगळं असतं, ताई."

"अंग तर तेच की हो!" मी म्हणलं.

सगळे हसले. दादाही हसले, टेप परत खिशात गेला. मला फार बरं वाटलं. पुष्कळ दिवसांत मी कुणाला हसवलं नव्हतं.

तिथं तीन तऱ्हेच्या खुर्च्या होत्या. एक घडीची, हलकी, रिक्षातही मावेल अशी. दुसरी बुटकी, तिची मोठी चाकं बरोबर मधोमध, त्यामुळं ती जागच्या जागी गोल फिरायची. माझा डोळा तिच्यावर गेला, कारण माझ्या गाळ्यात वळायला जागा नाही. पण ती सोळा इंचाची होती. एकोणीसच्या जवळची त्यांच्याकडं एकच होती, वीसची. ती तिसरी. काळी, जाड स्पंजची, बटण दाबलं की पाठ मागं जाणारी. आमच्याकडच्या पुढाऱ्याच्या गाडीत असते तशी सीट. तिला बघून मॅडमचा चेहरा असा फुलला की मी तिच्यात नीट टेकायच्या आधीच बोलून गेले, "लई छान आहे."

"कम्फर्टेबल आहे ना, ताई? नक्की?"

"हो, हो. एकदम सोफा."

दादा चष्मा लावून माझ्या दोन्ही बाजूंना बघत राहिले. मग म्हणाले, "ही दाखवायची खुर्ची आहे. चार दिवस घरी घेऊन जा, सगळीकडं फिरवा. सोमवारी दुपारपर्यंत मला कळवा, म्हणजे ह्याच मापाची नवी मागवतो. एकदा ऑर्डर गेली की बदलता येत नाही. आणि ताई, काही खटकलं तर बोला हं. लोक बोलत नाहीत आणि मग खुर्ची कोपऱ्यात कपडे वाळत घालायला राहते."

मी मान हलवली. मनात म्हणलं, माझ्या खुर्चीवर मी कपडा वाळत घालू देणार नाही.

टेम्पोतून खुर्ची अंगणात उतरली तेव्हा काकू तांदूळ निवडत होत्या. सूप तसंच धरून उठल्या.

"आगं बाई! खुर्ची हाय का ट्रॅक्टर?"

"बॅटरीची आहे, काकू."

"हिला नांगर जोडला आस्ता की गं." मग रस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतींकडं हात केला. "वावार ऱ्हायलंय कुटं पण, जोडून तरी काय कराचं!"

खोलीचं दार कसंबसं पार झालं, दोन्हीकडं बोटभर जागा राहिली. व्हरांड्यातल्या बोर्डावर रात्रभर चार्जिंगला लावली. मला झोप लागेना. खिडकीतून हिरवा दिवा दिसत होता. तो लाल तर नाही ना झाला, म्हणून मी सारखी डोकं उचलून बघत होते.

शुक्रवारी सकाळी चढ चढले. आता हे कसं सांगू? खांदा नुसता बसून होता. आयुष्यात पहिल्यांदा चढ चढताना मला आजूबाजूचं दिसलं. डाव्या हाताला शेवग्याचं झाड आहे, ते मी इतकी वर्षं खाली मान घालून पार केलं होतं. मागून कंपनीच्या बसनं हॉर्न दिला, मी चालवायची दांडी दाबली आणि कडेला झाले, माझी मी.

आणि मग गतिरोधक आला. खुर्ची त्याच्यावरून गेली आणि मी आत डावीकडं घसरले, टोपलीत एकच नारळ असावा तशी. सरळ व्हायला उजव्या हातानं कठडा ओढला आणि खांद्यात कळ गेली. चालवायची दांडीही उजवीकडंच होती. सीट एवढी रुंद की मधोमध बसलं तर हात दांडीपर्यंत ताणावा लागायचा, आणि दांडीजवळ बसलं तर अंग वाकडं. मी वाकडी बसले. म्हणलं, सवय होईल.

गाळ्याशी आले तर खुर्ची आत जाईना. काउंटर आणि भिंत यांच्यामध्ये चारएक बोटं कमी पडली. शेजारच्या मोबाइलवाल्यानं हात दिला, मी जुन्या स्टुलावर सरकले, आणि नवी खुर्ची दिवसभर बाहेर उभी. माझं एक लक्ष टीपेवर आणि एक खुर्चीवर. एका बाईच्या ब्लाउजची बाही मी उलटी लावली. असं माझं कधी होत नाही.

शनिवारी मी जे केलं ते करायचं माझ्या मनात कित्येक वर्षं होतं. रिळांच्या दुकानात जायचं.

लोकांना ह्याचं काही वाटणार नाही. आमच्या कामात कापडाला दोऱ्याचा रंग जुळवायचा असतो. मी काय करायचे, तर कापडाची एक चिंधी कापून कुणाच्या तरी हातात द्यायचे, की बाबा, येताना ह्या रंगाचं रीळ आण. लोक बिचारे आणायचे. पण निळ्याच्या पंधरा छटा असतात, ते माणूस पहिलं दिसलं ते घेऊन येतं. आणलंय म्हणल्यावर नाही कसं म्हणायचं? माझ्याकडं अजून एक डबाभर चुकलेली रिळं आहेत. एकदा आपण स्वतः जावं, रॅकसमोर उभं राहावं, म्हणजे बसावं, आणि पंधरा निळ्यांतून आपला निळा काढावा, एवढंच मला पाहिजे होतं.

दुकान पलीकडच्या चौकात आहे. दहा मिनिटांत पोचले. बॅटरीचे पाच दिवे होते त्यातला एक गेला, तेवढ्यानंच मी परतीचे दिवे मोजायला लागले. पायरी नव्हती, उतार होता, तो चढले, आणि दारात अडकले. दोन्हीकडची चाकं चौकटीला घासली. पुढं जाता येईना. मागं दोन बाया खोळंबल्या.

"तुम्ही बाहेरच थांबा ताई, मी डबा आणतो," मालक म्हणाले. चांगला माणूस. निळ्या रिळांचा डबा बाहेर उन्हात आणून दिला. भर उन्हात डोळे दिपले, सगळे निळे सारखेच दिसायला लागले. मी एक घेतलं, आभार मानले, दोनदा मानले, आणि परत आले. रीळ चुकलं होतं. डब्यात टाकलं.

त्या संध्याकाळी डावं बूड आणि पाठीचा मणका असा ठणकत होता की भाकरी थापताना मी तीन वेळा थांबले. डोक्यात एकच चाललं होतं. सोमवार. सांगायचं का? सांगितलं तर मॅडमला काय वाटेल? एवढ्या लोकांनी मिळून दिलंय, त्यांच्यासमोर नाक मुरडायचं? म्हणतील, फुकटचं मिळालं तर हिला तेही चालेना. आणि चूक कुणाची होती? माझी. माप मी दिलं, टेप मी परत खिशात घालायला लावला. नाही सांगितलं तर मात्र आयुष्यभर त्या टोपलीत नारळ.

मग मी माझ्या परीनं तोड काढली. रविवारी सकाळी खोलीतच कापायला बसले. माझ्याकडं पँटींचे कापलेले पाय साठलेले असतात. कंपनीतल्या लोकांच्या लांबड्या पँटी मी आखूड करते, ते तुकडे फेकवत नाहीत. त्यांच्या दोन उशा हातानंच शिवल्या, लांबट, आतही तेच तुकडे ठासून भरले. एक उजवीकडं खोचली, एक डावीकडं. मध्ये बसले. घट्ट झालं. सुटलो एकदाचे, असं वाटलं. कुणाला काही सांगायला नको. दहा मिनिटांत उजवी उशी वर आली आणि डावी खाली गेली.

काकू तेव्हा दारात कढीपत्ता द्यायला आल्या होत्या.

"काय गं टेलरबाई, बाळूत्यात बसलीस व्हय?"

"जरा सैल होतेय, काकू. म्हणून."

"जरा?" त्यांनी कढीपत्ता ओट्यावर टाकला. "ऊठ बगू. सरक कॉटावर."

मी सरकले. काकूंनी उशा काढून फेकल्या, लुगडं सावरलं आणि खुर्चीत बसल्या. काकू चांगल्या भरलेल्या आहेत. खुर्चीत अशा बसल्या की इकडं जागा नाही, तिकडं जागा नाही. हात दोन्ही कठड्यांवर पसरले. मान मागं टेकली.

"आयव! मला कशी बेश बसतीया बग. म्हंजी ही माझ्या मापाची हाय, तुझ्या न्हाई."

मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं.

"सैल चालतंय, काकू. घट्ट नसलं म्हणजे झालं."

"कोन म्हनलं तुला? आमच्या दावनीला सा बैलं व्हती. जू घट्ट आसलं तर बैल लगीच सांगतुया, मान हालवतुया. सैल आसलं तर सांगत न्हाई. सैल जू दिसभर हिकडं-तिकडं घासतं, आन् सांच्याला बगावं तर खांदा सोलल्याला. लई वाईट. सासरा माझा सैल जू बांदलं म्हून गड्याला शिव्या घालायचा." मग माझ्या उजव्या खांद्याकडं बघितलं. "तुझा तर आदीच सोलल्याला हाय."

"आता कसं सांगू पण? त्यांनी एवढं केलं."

"त्यांनी केलं म्हून तर सांग. न्हाईतर त्यांचं बी वाया आन् तुझं बी."

मॅडम चार वाजता आल्या, हातात चिवड्याचा पुडा. काकू मुद्दाम अंगणात लसूण सोलत बसल्या, आमच्याकडं पाठ करून, पण हात चालत नव्हता. मी आधी आभार मानले. मग चहा विचारला. मग पुन्हा आभार मानले. अंगणातून काकू खोकल्या.

"मॅडम, माप चुकलं," मी म्हणलं. "माझंच चुकलं."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मी सगळं सांगितलं, एकोणीस, गतिरोधक, रिळांचं दुकान. त्यांच्या कपाळाला आठी आली. ती आठी मला अजून दिसते.

"पण मी दोनदा विचारलं होतं, ताई. तुम्ही म्हणालात, एकदम सोफा."

"हो."

"मी ग्रुपवर फोटोपण टाकला. सगळे इतके खूश झाले."

"हो, मॅडम."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

शाळेचं कसं सांगणार? एकदम मला त्यांची पहिली पँट आठवली. म्हणलं, "तुमची काळी पँट आठवते? पहिल्यांदा आला होता तेव्हाची. धुतल्यावर आटेल म्हणून मी एक इंच लांब ठेवली होती. तुम्ही दुसऱ्या दिवशी परत आणली."

"हो. मग?"

"तुम्ही परत आणली म्हणून तर बरोबर झाली. मला राग नव्हता आला."

जमिनीवर पडलेली उशी मॅडमनी उचलली, उलटी-पालटी करून बघितली. राखाडी पट्टा होता एका बाजूला.

"ताई, ही माझी पँट आहे का?"

"डावा पाय," मी म्हणलं. "उजवा दुसऱ्या उशीत आहे."

त्या हसायला लागल्या तशा अंगणातून काकू म्हणाल्या, "झालं का सांगून? मग आता च्या टाका की, कवाधरनं घसा सुकलाय माझा."

राग पुरता गेला होता असं मी म्हणणार नाही. जाताना मॅडम थोड्या थकल्यासारख्या वाटल्या, ग्रुपवर आता काय लिहू असं स्वतःशीच म्हणाल्या. रात्री त्यांचा मेसेज आला, 'सोमवारी सकाळी निघू. अर्धा दिवस सुट्टी टाकली.' तो मी सहा-सात वेळा वाचला. अर्धा दिवस. परत माझ्यापायी.

सोमवारी दादांना फोन मीच केला. म्हणलं, दादा, टेप तयार ठेवा.

त्यांनी मला कडक बाकावर बसवलं, दोन्ही बाजूंनी दोन लाकडी पाट्या लावल्या आणि पाट्यांच्या मधलं अंतर घेतलं. "पंधरा."

"मीपण पंधराच मोजलं होतं."

"मग एकोणीस कुठून आलं?"

"चार इंच लूज."

दादांचा चष्मा नाकावरून पडला, दोरी होती म्हणून वाचला. मग गुडघ्यामागं किती जागा सुटते ते त्यांनी दोन बोटं घालून बघितलं. म्हणाले, खुर्चीनं माणसाला धरायचं असतं, थंडीत शाल अंगाला धरते तसं. पंधराला सोळा, बास.

आणि मला बुटक्या खुर्चीत बसवलं. तिचा स्पंज पातळ होता, बसल्यावर आधी कडकच वाटलं. दिसायला साधी. मी मॅडमकडं बघितलं. त्यांचा चेहरा फुलला नव्हता, पण त्या माझ्याकडं बघत होत्या, खुर्चीकडं नाही.

"इथं टोचतं का?" दादा विचारायचे.

"टोचतं."

"आता?"

"थोडं."

"आता?"

"नाही. पण पाय लोंबतात."

पाय ठेवायची पट्टी वर घेतली. मी म्हणलं, फार खाली नको, गतिरोधकाला घासेल. मी म्हणलं, हाताचे कठडे मागं उलटले पाहिजेत, नाहीतर मशीनचं टेबल अडतं. आणि मी म्हणलं, चालवायची दांडी डावीकडं पाहिजे.

"डावखुऱ्या आहात?"

"नाही. पण वेग ह्याच हाताला कळतो." कोपर आणि मोटरचं सांगितलं तेव्हा दादांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. दांडी डावीकडं बसवून दिली. मी दुकानात एक गोल घेतला, जागच्या जागी, मग दोन स्टुलांच्या मधून गेले. कोपराला लगेच कळलं. उजवा हात मांडीवर पडून होता.

त्या एका सकाळी मी जेवढ्या तक्रारी केल्या तेवढ्या आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून केल्या नसतील. परत येताना गाडीत मला एकदम तहान लागली आणि मी मॅडमची अख्खी बाटली पिऊन टाकली.

दाखवायची खुर्ची दुकानात परत गेली, आणि नवी यायला महिन्याच्या वर लागला. तेवढे दिवस मी रोज एकदा तरी मनात पंधरा मोजायचे आणि पंधराच होते ना, म्हणून घाबरायचे. आली त्या दिवशी काकूंनी नारळ फोडला. कुंकवाचं बोट घेऊन दांडीकडं निघाल्या.

"तिथं नको काकू, आत जाईल, बिघडंल."

"मंग कुटं लावू, तुझ्या डोस्क्याला?" म्हणून पायाच्या पट्टीला लावलं. अजून पुसट दिसतं.

पहिल्याच दिवशी मी रिळांच्या दुकानात गेले. दारातून आत गेले, दोन्हीकडं चांगली जागा ठेवून. मालक डबा घेऊन उठायला लागले, म्हणलं, बसा हो, मी बघते. रॅकसमोर किती वेळ होते कोण जाणे. पंधरा नव्हे, बावीस निळे होते. चिंधी धरून धरून एक काढला, गाळ्यात आणला, मशीनवर लावला. एका छटेनं चुकला होता. माझ्याच हातानं, माझ्याच डोळ्यांनी निवडून.

डबा उघडला, आत टाकणार होते. पण मग तसंच रीळ पिशवीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाळा उघडायच्या आधी, बदलून आणायला निघाले.